वाचकांचे प्रश्न : संशोधक दारात आले, तर त्यांना काय विचारायचं?

अमेरिकेत कृष्णवर्णीय, लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे), मूळ अमेरिकन आणि दक्षिण आशियाई लोकांच्या आरोग्यात जी तफावत दिसते, ती कमी करण्यासाठी काही विद्यापीठं वस्त्यांना बरोबर घेऊन काम करतात. या विषयावर आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : लॉस एंजेलिसमध्ये सलूनमध्ये बसून लोकांचा रक्तदाब आटोक्यात आणल्याचं वाचलं. आपल्याकडेही जयंती-पुण्यतिथीला रक्तदाब तपासणीची शिबिरं होतात, पुढे काही होत नाही. मग तिथे असं काय वेगळं घडलं? (निवृत्त शिक्षक, पुणे)

तुमची शंका रास्त आहे. नुसता रक्तदाब मोजून फारसं काही होत नाही, हे याच कामाच्या आधीच्या टप्प्यात दिसलं होतं. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसमधल्या वैद्यकीय केंद्रात असताना त्यांनी कृष्णवर्णीयांच्या १७ सलूनमध्ये पहिला प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. बार्बर आपल्या गिऱ्हाइकाचा रक्तदाब मोजायचे, जास्त निघाला की डॉक्टरकडे पाठवायचे आणि पुढच्या कटिंगच्या वेळी आठवणीने विचारायचे. फायदा झाला, पण बेताचाच.

पुढे व्हिक्टर लॉस एंजेलिसच्या सिडार्स-सायनाय वैद्यकीय केंद्रात गेले आणि तिथे त्यांनी प्रयोगाची रचनाच बदलली. ५२ सलून आणि वरचा रक्तदाब १४० किंवा त्याहून जास्त असलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते. एका गटाच्या सलूनमध्ये बार्बर ‘मीठ कमी करा, डॉक्टरांना भेटा’ असं सांगायचे. दुसऱ्या गटात खास प्रशिक्षण घेतलेला फार्मासिस्ट दुकानातच यायचा. तिथेच औषध सुरू करायचा, डोस वाढवायचा, रक्तातले क्षार तपासायचा आणि केलेल्या उपचाराची नोंद त्या माणसाच्या डॉक्टरांना पाठवायचा. २०१८ साली सहा महिन्यांचे आकडे प्रसिद्ध झाले. फार्मासिस्टच्या गटात वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, नुसत्या सल्ल्याच्या गटात ९.३ अंकांनी. १३०/८० च्या खाली आलेल्यांचं प्रमाण फार्मासिस्टच्या गटात ६३.६ टक्के होतं, सल्ल्याच्या गटात ११.७ टक्के. वर्षानंतरही हा फरक टिकून होता.

बार्बर दोन्ही गटांत होते आणि विश्वासही दोन्हीकडे होता. फरक पडला तो औषध दुकानापर्यंत आल्यामुळे. दवाखान्यात जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, विम्याची कटकट असते. तिथे पोचल्यावरही रक्तदाब १४८ दिसला तर पुष्कळ डॉक्टर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून तोच डोस चालू ठेवतात. फार्मासिस्टकडे मात्र औषधांचा ठरलेला क्रम होता : अम्लोडिपिन आणि त्याच्या जोडीला लोसार्टनच्या वर्गातलं किंवा त्यासारखं दुसरं औषध, गरज पडली तर तिसरं लघवी वाढवणारं. रक्तदाब उतरला नाही की पुढची पायरी, वाट बघणं नाही. आमच्या मते सगळ्यात जास्त फायदा या शिस्तीने झाला आहे. बार्बरच्या शब्दाला मोल आहेच, पण त्या शब्दामागे गोळी नसेल तर डॅलससारखाच बेताचा परिणाम हाती येतो.

ही नक्कल इथे जशीच्या तशी का होणार नाही, तेही सांगायला हवं. डॉक्टरशी लेखी करार करून फार्मासिस्टने औषध बदलण्याची सोय कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आहे. आपल्याकडे फार्मासिस्टला स्वतः औषध लिहून देता येत नाही. म्हणून इथे सलूनमध्ये काही करायचं असेल तर ते जवळच्या आरोग्यवर्धिनी केंद्राशी (आता आयुष्मान आरोग्य मंदिर) जोडा आणि त्या केंद्रात महिनाभराच्या गोळ्यांचा साठा नक्की आहे याची खात्री करूनच सुरुवात करा. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतातल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात औषधांचा असाच ठरलेला क्रम आहे, आणि महाराष्ट्र त्यात पहिल्यापासून आहे.

आता मोजण्याबद्दल. कटिंग चालू असताना, गप्पा मारता मारता रक्तदाब घेऊ नये. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, हात हृदयाच्या उंचीला आधारावर. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, सिगारेट झालेली नको. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, शर्टाच्या बाहीवरून नाही. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच चढतो, म्हणून दोन मापांचे पट्टे ठेवा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. आणि एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला ‘तुम्हाला बीपी आहे’ असं सांगू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

प्रश्न : मी अटलांटात एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करते. एका कृष्णवर्णीय वस्तीत चार महिन्यांत सर्वेक्षण करून द्यायचं आहे. चर्चमधली मंडळी अदबीने बोलतात, पण पुढे काही सरकत नाही. कुणीतरी टस्कीगीचं नाव काढलं. कशी सुरुवात करू?

टस्कीगीचं नाव निघालं तर ते नीट माहीत असायला हवं. अलाबामातल्या मेकन परगण्यात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर पाळत ठेवली. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. संशोधकांनी त्यांना रोग टोचला अशी समजूत पसरली आहे, ती खरी नाही. रोग आधीच होता. पण त्यांना तो कधी धड सांगितला नाही, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाल्यावरही ते मिळू दिलं नाही. त्या बदल्यात जेवण, मोफत तपासणी आणि मेल्यावर दफनाचा खर्च. १९७२ साली वृत्तपत्रांतून बातमी फुटली तेव्हा ते थांबलं.

तुमच्यासाठी यातला महत्त्वाचा भाग पुढे आहे. टस्कीगी इन्स्टिट्यूट ही कृष्णवर्णीयांचीच शिक्षणसंस्था या कामात सहभागी होती. त्या पुरुषांना घरून आणणारी, त्यांची विचारपूस करणारी परिचारिका युनिस रिव्हर्सही कृष्णवर्णीय होती, आणि लोकांचा तिच्यावर जीव होता. म्हणजे वस्तीतली ओळखीची व्यक्ती पगारावर घेतली, एखाद्या स्थानिक संस्थेचं नाव जोडलं, एवढ्याने भागीदारी होत नाही. त्या व्यक्तीला ‘हे थांबवा’ म्हणायचा अधिकार होता का, हे पाहायचं.

तरीही चर्चमधल्या सगळ्या संकोचाचं खापर टस्कीगीवर फोडू नका. मागच्या वर्षीचं सर्वेक्षण कुठे गेलं ते कुणी सांगितलं नाही, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत सहा तास बसवलं, वेदना होत आहेत म्हटल्यावर संशयाने पाहिलं, हे त्यांच्या आजच्या आयुष्यातलं आहे. म्हणून पहिल्या भेटीत प्रश्नावली काढू नका. ‘याआधी इथे कोणकोणते अभ्यास झाले आणि त्यांचे निकाल तुम्हाला मिळाले का?’ एवढंच विचारा. मिळाले नसतील, आणि अभ्यास तुमच्याच विद्यापीठाचा असेल, तर ते शोधून दोन पानांत सोप्या भाषेत नेऊन द्या. हे काम चार महिन्यांत नक्की होतं. नव्या वस्तीत शून्यापासून घरोघर सर्वेक्षण चार महिन्यांत होत नाही. तुमच्या मार्गदर्शकांना हे आजच सांगा आणि आधीपासून चालू असलेल्या एखाद्या गटाच्या कामातला लहान भाग मागून घ्या.

पाद्रींची परवानगी लागतेच, पण कामाची मंडळी बहुधा चर्चच्या आरोग्य समितीत असतात. त्यात निवृत्त नर्स असतात, त्यांना वेगळं भेटा. रविवारची प्रार्थना संपल्या संपल्या गाठू नका. प्रश्नावली नीतिशास्त्र समितीकडे, म्हणजे आयआरबीकडे, पाठवण्याआधी वस्तीतल्या आठ-दहा जणांना मोठ्याने वाचून दाखवा. विद्यार्थी नेमकं उलटं करतात. आधी मंजुरी घेतात, मग लोक म्हणतात हा प्रश्न अपमानकारक आहे, मग दुरुस्तीचा अर्ज, आणि त्यात आठवडे जातात. त्या आठ-दहा जणांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या. इथे आणखी एक अडचण येते. अनेक विद्यापीठांचा लेखा विभाग छोट्या रकमेसाठीही सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) मागतो, आणि तिथेच निम्मे लोक उठून जातात. फक्त सही आणि अनुक्रमांक यावर गिफ्ट कार्ड देता येईल का, हे आधी लेखा विभागाकडून लेखी घ्या.

चांगलं उदाहरण हवं असेल तर डेट्रॉइटचं पाहा. मिशिगन विद्यापीठ, आरोग्य खातं आणि वस्त्यांमधल्या संस्था यांचं संयुक्त केंद्र १९९५ पासून तिथे आहे, आणि कुठला अभ्यास घ्यायचा ते त्यांचं मंडळ ठरवतं. तिथल्या मधुमेहाच्या एका कामात वस्तीतल्याच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो रुग्णांबरोबर काम केलं. सहा महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर दाखवणारा आकडा) सरासरी ८.६ वरून ७.७ वर आला, तुलनेच्या गटात तो हलला नाही. कार्यकर्ते घरी जात, गट भरवत आणि डॉक्टरांच्या खोलीतही रुग्णाबरोबर बसत.

प्रश्न : न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाला एका विद्यापीठाचं पत्र आलं आहे. मधुमेह आणि हृदयविकार यांवर अभ्यास, रक्ताचे नमुने, सभासदांची यादी आणि आमच्या लेटरहेडवर पाठिंब्याचं पत्र हवं आहे. तीन दिवसांत उत्तर मागितलंय. काय करावं?

अभ्यासाची गरज खरी आहे, म्हणून दार बंद करू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सॅन फ्रान्सिस्को केंद्र आणि शिकागोचं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ यांच्या ‘मसाला’ अभ्यासात २०१० ते २०१३ दरम्यान ९०६ दक्षिण आशियाई लोक तपासले गेले. वयाचा फरक वजा करून मधुमेहाचं प्रमाण २३ टक्के निघालं. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात गोऱ्यांमध्ये ते ६, चिनी वंशाच्या लोकांत १३, लॅटिनोंमध्ये १७ आणि कृष्णवर्णीयांत १८ टक्के होतं. अमेरिकी सरकारी तक्त्यांत आपण बहुतेक वेळा ‘एशियन’ या एका रकान्यात बसतो आणि हा फरक त्यात बुडून जातो. आपल्या लोकांत मधुमेह कमी वजनावर येतो, म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ ऐवजी २३ पासून करायला सांगितलं.

पण तीन दिवसांत पत्र मागणं हे लक्षण चांगलं नाही. बहुधा अनुदानाच्या अर्जाची मुदत आली आहे आणि अर्ज तुम्हाला न विचारता लिहून झाला आहे. त्यांना सांगा : ‘अर्जाचा आराखडा आणि अंदाजपत्रक पाठवा, मग पत्राचं बोलू.’ अंदाजपत्रक दाखवायला जे तयार नसतात त्यांना फक्त सभागृह आणि गर्दी हवी असते.

अंदाजपत्रकात मंडळाचं नाव कुठे आहे ते पाहा. ‘स्वयंसेवी सहकार्य’ असं असेल तर काम तुमचं आणि पैसा त्यांचा. ‘सबअवॉर्ड’ असेल तर पैसे मंडळाच्या नावावर येतात, आणि केंद्र सरकारच्या अनुदानात तुमच्या जागेचा, हिशेबनिसाचा, विजेचा खर्च म्हणून सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांपर्यंत वरखर्चही लावता येतो. ऑक्टोबर २०२४ पर्यंत हा आकडा १० टक्के होता. पैसे काम झाल्यावर बिल लावून मिळतात, हे मात्र ध्यानात ठेवा. छोट्या मंडळाच्या खात्यात तीन-चार महिन्यांचा पगार नसेल तर नेमलेली समन्वयक पहिल्या तिमाहीतच सोडून जाते. आगाऊ रकमेची अट करारात घाला. मध्येच अनुदान बंद झालं तर काय, हेही लिहून घ्या. २०२५ मध्ये आरोग्य-विषमतेवरची कितीतरी अनुदानं अशी अर्ध्यावर रद्द झाली.

सभासदांची यादी देऊ नका, कुठल्याही अटीवर नाही. लोकांनी पत्ते दिले ते गणपती आणि दिवाळी अंकासाठी. निमंत्रण मंडळाने स्वतः पाठवावं, ज्यांना यायचंय ते विद्यापीठाला आपणहून कळवतील.

रक्ताच्या बाबतीत हवासुपाई लोकांचं प्रकरण कार्यकारिणीने समजून घ्यावं. ग्रँड कॅनियनच्या दरीत राहणारा हा छोटा आदिवासी समाज. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० च्या सुमारास अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांचं रक्त घेतलं. संमतीपत्रातली भाषा मात्र मोघम आणि मोठी होती. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, आपसातली लग्नं आणि समाजाचं मूळ स्थलांतर यांवर काम झालं. ‘आम्ही याच दरीतले’ ही ज्यांची श्रद्धा, त्यांच्याच रक्तातून त्यांचे पूर्वज आशियातून आले असं छापलं गेलं. २००३ साली त्या समाजातली एक स्त्री विद्यापीठातल्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत श्रोता म्हणून हजर होती, तेव्हा तिला हे कळलं. खटला झाला. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

म्हणून संमतीपत्रात ‘भविष्यातील संशोधनासाठी’ हे वाक्य असेल तर त्यापुढे वेगळा चौकोन हवा, हो किंवा नाही अशी स्वतंत्र खूण करता येईल असा. नमुने किती वर्षं ठेवणार, जनुकीय तपासणी होणार का, नाही म्हटलं तर नमुना नष्ट करणार का, हे विचारा. २०२३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानावर चालणाऱ्या अभ्यासांना माहिती इतर संशोधकांसाठी उपलब्ध करण्याची योजना द्यावी लागते, ती योजना मागून घ्या. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. एका परगण्यात ‘मराठी मातृभाषा, वय ७१, निवृत्त पशुवैद्य’ असा माणूस एकच असणार. छोट्या गटाचे आकडे एकत्र करूनच छापावेत, अशी अट घाला.

शेवटचा मुद्दा मंडळाच्या आतला. कार्यक्रमाला येणारे बहुतेक गाडी चालवणारे, विमा असलेले, इंग्रजी बोलणारे. मुलांकडे राहणारे आईवडील, गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणारे, ते अभ्यासात येणार कसे? ग्रीन कार्डवर नव्याने आलेल्या पासष्टीच्या पुढच्या माणसाला, कामाचा पुरेसा इतिहास नसेल तर, सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय पैसे भरूनही मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा घेता येत नाही. शिबिरात अशा एखाद्या आजींची साखर ३५० निघाली तर त्याच संध्याकाळी त्यांना कुठे न्यायचं? उत्पन्नानुसार फी घेणारं सामुदायिक आरोग्य केंद्र जवळ कुठलं आहे आणि ते किती नवे रुग्ण घेतील, हे ठरल्याशिवाय बोटाला सुई लावू देऊ नका.

प्रश्न : अशाच एका अभ्यासाच्या संमतीपत्राचं मराठी भाषांतर माझ्याकडे आलं आहे. कशाला जपू? (शिकागो)

‘चाचणी’ या शब्दाला. तपासणीलाही तोच आणि औषधाच्या प्रयोगालाही तोच. वाचणाऱ्याला वाटतं रक्त तपासून मिळणार आहे. दोन्हींना वेगळे शब्द ठेवा, ‘तपासणी’ आणि ‘संशोधन’. गट चिठ्ठ्या टाकून ठरणार असेल तर ‘यादृच्छिक’ लिहू नका, ‘चिठ्ठी टाकल्यासारखं, डॉक्टरांच्याही हातात नाही’ असं लिहा. ‘सहभाग ऐच्छिक आहे’ याऐवजी ‘नाही म्हटलं तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही’. आणि वंशाच्या प्रश्नापाशी थांबा. ‘आपला वंश कोणता?’ असं विचारलं की आपली वयस्क मंडळी जात सांगतात, काही जण दुखावतात. तिथे पर्याय वाचून दाखवा आणि सरकारी नोंदीसाठी हे विचारतात, जात विचारत नाहीत, असं एक वाक्य जोडा. भाषांतर झाल्यावर मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून ते उलट इंग्रजीत करून घ्या. मग सत्तरीच्या दोघा-तिघांना वाचायला देऊन ‘यात काय करायचं आहे ते मला सांगा’ म्हणा. समजलं का विचारलं तर सगळे हो म्हणतात.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत एका महाविद्यालयाच्या चमूने सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी मुलांचं रक्त नेलं. आठ महिने झाले, अहवाल नाही. काही मुलींना तोंडी ‘पॉझिटिव्ह’ सांगून गेले. पालक घाबरले आहेत. (शिक्षिका, नंदुरबार जिल्हा)

आधी पालकांना हे सांगा : प्राथमिक, विद्राव्यता तपासणीत पॉझिटिव्ह येणं म्हणजे आजार नव्हे. ती तपासणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. त्यात ‘एएस’ आलं तर मुलगी वाहक, सहसा निरोगी, औषधाची गरज नाही. ‘एसएस’ आलं तर ती रुग्ण, तिला नियमित उपचार हवेत आणि हायड्रॉक्सीयुरिया या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं. आई-वडील दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. दोष एकट्या मुलीकडून येत नाही, हे सांगताना वडीलही समोर बसलेले असू द्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ पासून चालू आहे. ज्यांना तोंडी ‘पॉझिटिव्ह’ सांगितलं त्या मुलींची खात्रीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत या आठवड्यातच मागा, महाविद्यालयाची वाट पाहू नका.

मग महाविद्यालयाकडे वळा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा संशोधनाला पालकांची संमती लागते आणि सात वर्षांपुढच्या मुलांना समजावून त्यांचा होकारही घ्यावा लागतो. मुख्याध्यापकांची परवानगी त्याऐवजी चालत नाही. पालकांकडे संमतीपत्राची प्रत आहे का ते पाहा. त्यावर नीतिशास्त्र समितीच्या सदस्य-सचिवांचा पत्ता असायला हवा. पत्र त्यांनाच लिहा, चमूच्या प्रमुखांना नाही. तारीख, मुलांची संख्या, कोणती तपासणी झाली, अहवाल कधी मिळणार, नमुने आता कुठे आहेत, एवढे पाच प्रश्न पुरेत. प्रत पंचायतीला द्या. अहवाल आले की बंद पाकिटात, पालकांच्या हातात. वर्गात नावं वाचू देऊ नका, त्या यादीवरून पुढे सोयरिकी मोडतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी सुरुवातीच्या काळात सिकलसेलचाच अभ्यास केला होता. आजार होता, आकडे खरे होते, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटत नव्हता आणि त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं, हे बंग यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितलं आहे. पुढे त्यांनी नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम केलं. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. ३९ गावांतल्या त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्के घट दिसली होती. पुढच्या वेळी एखादा चमू शाळेत आला तर रक्त घेण्याच्या आधी पालकसभा ठेवा, आणि अहवाल कुठल्या तारखेला, कोण आणून देणार ते त्या सभेच्या इतिवृत्तात लिहून दोघांच्या सह्या घ्या.